उपटता उपटता राहिलेली दाढ

मित्रांनो, माझं सारं आयुष्य अंधारात गेलं, पण मोठं चवीचं गेलं. मी राजुरीच्या गोरखभाऊंच्या तोंडातली एक जुनी दाढ आहे. खालच्या जबड्यात, डाव्या बाजूला, दिसायला सगळ्यात शेवटची. भाऊ शाळेत होते तेव्हा मी हिरडीतून डोकं वर काढलं आणि लगेच कामाला लागले. बाजरीची भाकरी, हुरडा, ऊस, सगळं मी आनंदानं चावलं. "आपली दाढ लई खमकी!" असं भाऊ म्हणाले, की माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

माझ्या मागं अक्कलदाढ होती. ती हिरडीखाली आडवी पडून राहिलेली, त्यामुळे तिचा कुणाला पत्ताच नव्हता. वाढायला जागा मिळेना, म्हणून ती मलाच रेटू लागली. ऐन कांदेकाढणीत ठणका सुरू झाला. भाऊंच्या बायकोनं, नूतनवहिनींनी, आपल्या डबीतली तंबाखूची मिश्री दाबून धरायला दिली. तेवढ्यापुरतं बधिर वाटायचं आणि आत माझं मूळ झिजत राहायचं. कांदा साठवणीच्या चाळीत पडेपर्यंत भाऊंनी तसंच रेटलं.

मग एकदाचे दोघं आळेफाट्याला, दातांच्या डॉक्टर सिद्धीताईंकडे गेले.

"ही दाढ लई छळतीय. उपटून टाका," भाऊ म्हणाले.

इतकी वर्षं राबले, त्याचं हे फळ!

पण ताईंनी आधी एक्स-रे काढला. "भाऊ, दोष हिचा नाही. मागची अक्कलदाढ आडवी वाढून हिच्या मुळात घुसतेय. मूळ थोडं झिजलंय, पण ही वाचेल. अजून थांबला असता, तर दोन्ही गेल्या असत्या."

"म्हंजी शेजाऱ्यानं बांध कोरला म्हणा की!"

"अगदी तसंच. अक्कलदाढ काढू. आणि मिश्री आजपासून बंद."

भाऊ कचरले. "अक्कल नाय ना जायाची?"

"व्हती कवा?" वहिनी म्हणाल्या, आणि ताईंनाही हसू आवरेना.

अक्कलदाढ निघाली. भाऊंचा गाल सुजला, काही दिवस मऊ भातावर निघाले. माझं झिजलेलं मूळ काही पुन्हा भरून येणार नाही. पण मी जागेवर आहे, भाकरी चावते आहे. ताईंचे उपकार मी कधी विसरणार नाही. भाऊ आता रोज रात्री ब्रश माझ्या मागच्या कोपऱ्यापर्यंत नेतात, त्यांचेही आभार.

मित्रांनो, दात दुखला तर घरी दाबून ठेवू नका, वेळेवर दाखवा. आणि जो दुखतो त्याला उपटायच्या आधी, त्याला मागून कोण रेटतंय ते एकदा बघा.