का नाकारलं ते सांगणार नाही

माझं काम प्रश्न विचारायचं. रक्तपेढीत रक्त द्यायला आलेल्या माणसाला सुई टोचण्याआधी मी समोर बसवते आणि सत्तावीस प्रश्न विचारते. झोप झाली का, जेवलात का, दात काढलाय का, कावीळ झाली होती का, आणि पुढे असे काही की भले भले घसा खाकरायला लागतात. दार लावून विचारते. उत्तरं माझ्यापाशी राहतात. एकोणीस वर्षं झाली, नवऱ्यालासुद्धा मी कधी अवाक्षर सांगितलेलं नाही. आता त्याने विचारायचंही सोडलंय.

पण माझ्या थोरल्या भावाला हे कोण समजावणार.

शनिवारी सकाळी दादा हजर. बरोबर माझी भाची, आणि भाचीने लग्नासाठी पसंत केलेला मुलगा. मुलगा घड्याळं दुरुस्त करतो, बोलण्याआधी दोनदा विचार करतो. दादाला त्याच्यात खोट सापडत नव्हती आणि तेच त्याला सलत होतं. बाबा हो म्हणाले तरच लग्न, असं भाचीने ठरवून टाकलेलं, आणि बाबा काही केल्या हो म्हणत नव्हते.

"म्हटलं, जरा समाजकार्य करू," दादा म्हणाला. या माणसाने आयुष्यात कुणाला छत्री उसनी दिलेली नाही. मग मला कोपऱ्यात ओढून हळूच म्हणतो, "बारके, तुझे ते प्रश्न सगळे विचार त्याला. एकही सोडू नकोस. आणि काय निघेल ते मला सांग."

म्हणजे जावई पारखून द्यायला मी. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. पण माणूस रक्त द्यायला आलाय म्हटल्यावर त्याला बसवणं भाग होतं.

मुलगा आत आला. मी दार लावलं, सत्तावीस प्रश्न विचारले. त्याने खरी उत्तरं दिली, एवढं सांगते, आणि तेही नियमापेक्षा जास्तच झालं. उत्तरं ऐकून मला त्याला परत पाठवावं लागलं. का, ते मी तुम्हालाही सांगणार नाही. विचारू नका.

तो बाहेर गेला तसा दादा आत घुसला. मुलाच्या दंडावर कापूस नाही हे त्याने बरोबर हेरलं होतं.

"काय निघालं?"

"काही निघालं नाही. आज रक्त घेता येत नाही, एवढंच."

"का येत नाही?"

"दादा, कारणं पन्नास असतात. ताप, जागरण, दुखरा दात."

"यातलं कुठलं?"

"सांगणार नाही."

"मी तुझा सख्खा भाऊ आहे. आपलं रक्ताचं नातं आहे."

"इथे रक्ताच्या पिशवीवरसुद्धा नाव नसतं, नंबर असतो. नातं घरी ठेवून ये."

दादाचे कान लाल झाले. "धडधाकट, सरळ माणसाला कशाला कोण नाकारेल? मला विचार तुझे प्रश्न. बघू कसं नाकारतेस."

आणि बसला की समोर. मी सांगायच्या आधीच बाही वर. माझ्या जागी दुसऱ्या कुणाला बसवावं म्हटलं, तर बाकीचे दोघे चहाला गेलेले. चौदा प्रश्नांची उत्तरं त्याने पाठांतर म्हणावं तशी दिली. पंधरावा आला, सध्या कुठल्या गोळ्या-औषधं चालू आहेत का.

"नाही."

हे 'नाही' मी चांगलं ओळखते. ते जरा लवकर येतं. मी पेन खाली ठेवलं.

"दादा, हे रक्त ज्याला लागेल तो टेबलावर बेशुद्ध पडलेला असेल. तुला विचारायला तो काही येणार नाही. त्याच्या वतीने मी विचारतेय. परत विचारू?"

दादाने वर केलेली बाही खाली ओढली. मग त्याने सांगितलं. मी कागद मिटला आणि म्हटलं, आज तुझं रक्त घेता येणार नाही.

"बाहेर सांगू नकोस हं," तो म्हणाला. "पोरीला तर नकोच नको."

"असं होय," मी म्हटलं. मला मजा आली, खोटं कशाला बोलू.

मजा बाहेर येईपर्यंतच टिकली. भाचीने बापाचा कोरा दंड पाहिला. "बाबा, तुम्हालाही नाकारलं? काय झालंय तुम्हाला? आत्या, सांग ना." पोरगी पांढरीफटक पडली होती. मी मूग गिळून उभी. एकोणीस वर्षांत नियम इतका जड कधी झाला नव्हता.

मुलाने खुर्ची पुढे ओढली. "काका, बसा. मी कॉफी आणतो." आणि भाचीला म्हणाला, "विचारू नकोस त्यांना." कॉफीचा कप दादाच्या हातात देऊन शेजारी बसला. स्वतःही चकार शब्द विचारला नाही.

भाचीच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा मात्र दादाला राहवेना.

"केसांच्या गोळ्या आहेत," तो म्हणाला.

"कसल्या?"

"केस उगवायच्या. त्या चालू असताना रक्त देता येत नाही."

आता त्यानेच सांगितलं म्हटल्यावर माझं तोंड उघडलं. ते रक्त गर्भार बाईला गेलं तर पोटातल्या बाळाला अपाय होऊ शकतो, वगैरे मी समजावून सांगितलं. कुणी ऐकत नव्हतं. सगळे दादाच्या टाळूकडे बघत होते.

"कधीपासून घेताय?" भाचीने विचारलं. ती रडत होती की हसत होती, तिलाच कळत नसावं.

"झाले तीन महिने."

"पण कशाला, बाबा?"

"कशाला म्हणजे? फोटो निघतील. तू एवढी नटलेली, आणि शेजारी मी असा. जन्मभर बघावे लागतात ते."

"कसले फोटो?"

"लग्नाचे," दादा वैतागून म्हणाला. बोलून गेला आणि कॉफीत बघत राहिला.

तीन महिने म्हणजे मुलगा पहिल्यांदा घरी आला तेव्हापासून. भाचीने ते मनातल्या मनात मोजलं, मीही मोजलं.

"काका," मुलगा म्हणाला, "मला का नाकारलं ते सांगू का?"

दादाने मान वर केली. "हिला सांगितलंयस?"

"भेटल्यावर पहिल्याच आठवड्यात."

"मग मला नको." कॉफीचा एक घोट घेऊन तो म्हणाला, "तारीख मात्र तीन महिने पुढची धरा. तोवर टाळूवरचे केस येतील, असं डॉक्टर म्हणालाय."