कूच कंपनीचा फोन
शनिवारी अकराला फोन येणार होता आणि रेवती सुर्वे दहापासूनच दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातल्या सरकारी क्वार्टरच्या हॉलमध्ये येरझाऱ्या घालत होती. तिच्या ‘कूच’ कंपनीला सव्वा महिना झाला होता. महाराष्ट्रातल्या लोकांना दिल्ली दाखवायची आणि मग पानिपतला काला अंबच्या युद्धस्मारकापाशी न्यायचं, हे कंपनीचं काम. गिऱ्हाईक मात्र अजून एकही नव्हतं. पप्पांशी ठरलं होतं की, सोमवारपर्यंत पहिलं बुकिंग आलं नाही तर बँकेच्या परीक्षेचा फॉर्म निमूटपणे भरायचा.

आणि अशात मिरजेच्या कोणी कुसुमावतीबाईंचा मेसेज आला. बेचाळीस माणसं आहोत, शनिवारी अकराला बोलू. बेचाळीस! रेवतीने तो आकडा आरशापुढे उभं राहून तीनदा म्हणून पाहिला होता.

कंपनीचा वेगळा नंबर तिने याच आठवड्यात घेतला होता. ऑनलाइन कागदपत्रं चढवली, दिल्लीचा झकास नंबर मिळाला. फोन करणाऱ्याला आधी रेकॉर्ड केलेला आवाज ऐकू येणार, त्याने सांगितलेलं बटण दाबलं की कॉल रेवतीच्या मोबाइलवर. फक्त रेकॉर्डिंग राहिलं होतं. गुरुवारी तिला हॉटेलं बघायला पानिपतला जायचं होतं, म्हणून ते काम तिने पप्पांवर सोपवलं. तिथेच सगळा घोळ झाला.

पप्पा, म्हणजे विनायकराव सुर्वे, केंद्र सरकारात शाखा अधिकारी. कुठलीही गोष्ट थेट वरच्या माणसापर्यंत पोचली की तिची किंमत जाते, यावर त्यांचा तीस वर्षांचा विश्वास. त्यांनी मसुदा लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला आणि बेडरूमचा पंखा बंद करून रेवतीच्या आईला, म्हणजे विजयालक्ष्मीबाईंना, वाचायला बसवलं.

अकरा वाजले. मोबाइल गप्प. लॅपटॉपवर मात्र, कॉल कुठवर पोचला ते दाखवणाऱ्या पानावर, एक हिरवा ठिपका उगवला. कॉल सुरू!

“आल्या!” रेवती किंचाळली. “पण माझा फोन का वाजत नाहीये?”

“वाजेल. आत्ता त्या आवक कक्षात आहेत,” पप्पा चहा ढवळत म्हणाले. “नाव-गाव सांगायचं, एक दाबायचं.”

“आवक कक्ष?”

“मग छाननी. मग शिफारस. अगदी प्रॉपर चॅनल. बिल्कुल सिस्टिमॅटिक केलंय.”

“आणि छाननीत मी माझं थोडं घातलंय हं,” आई स्वयंपाकघरातून ओरडली.

“पप्पा, ही कंपनी आहे यार! मंत्रालय नाहीये!”

तीन मिनिटं झाली, पाच झाली. रेवतीने घायकुतीला येऊन कुसुमावतीबाईंना स्वतःच फोन लावला, तर तो बिझी. बिझी असणारच, बाई हिच्याच कंपनीत अडकलेल्या. ठिपका हळूहळू छाननीतून शिफारशीत सरकला. आई पोळीचं लाटणं हातात घेऊन बाहेर आली. तिघंही श्वास रोखून बघत असताना ठिपक्याने एकदम मागे उडी मारली.

“गेल्या! परत आवक कक्षात गेल्या!” रेवती सोफ्यावर कोसळली. आता रडायचं, असं ठरवून तिने तोंड उघडलं आणि तिला हसू फुटलं. ते थांबेचना. आई हसायला लागली. पप्पांनी बराच वेळ चेहरा सरकारी ठेवला, मग त्यांनाही हसू आवरेना आणि बशीत चहा सांडला.

बाराव्या मिनिटाला मोबाइल वाजला.

“न-नमस्कार, कूच,” रेवतीने डोळे पुसत कसंबसं म्हटलं. “बाई, माफ करा, तुम्हाला इतका वेळ...”

“माफी कसली? चौतीस वर्षं तहसील कार्यालयात काढली मी, अव्वल कारकून होते. आजवर इतका शिस्तीचा फोन बघितला नाही! तीन कंपन्यांना फोन केले, पहिल्या रिंगला पोरं म्हणतात, ‘हां, बोलो.’ आमची सगळी रिटायर्ड माणसं, त्यांच्या हवाली कशी करायची? तुमच्याकडे विचारलं तरी, गुडघेदुखीवाले किती, लसूण न खाणारे किती, रात्री गरम पाणी कुणाला लागतं.”

रेवतीने आईकडे पाहिलं. आईने लाटणं विजयी मुद्रेने उंचावलं.

“पण मग तुम्ही पुन्हा पहिल्यापासून...”

“मुद्दाम! शेजारच्या शेवंताबाईंना ऐकवायचं होतं ना. ते शेवटचं वाक्य तर आम्ही लिहूनच घेतलं. थांबा, वाचते. ‘आपलं प्रकरण साहाय्यक विनायक सुर्वे यांच्या शिफारशीसह संचालक रेवती विनायक सुर्वे यांच्याकडे सादर होत आहे. त्यांचा निर्णय अंतिम राहील.’ वा! तर संचालकबाई, चौदा जानेवारीला आम्हाला काला अंबला उभं राहायचंय. करा बुक.”

फोन ठेवल्यावर आईने रेवतीला गदागदा हलवलं, पीठ लागलेल्या हातांनी तिचे दोन्ही गाल ओढले, आणि दोघी टीपॉयभोवती गोल गोल नाचल्या. पप्पा बशीतला चहा पुसत होते, जरा जास्तच मन लावून. रेवती धापा टाकत त्यांच्यापुढे येऊन थांबली.

“साहाय्यक?”

“मसुद्यात पदं नीट लिहावी लागतात,” पप्पा फडक्याकडे बघत म्हणाले.

“आणि बँकेच्या फॉर्मचं काय करायचं?”

“ते मला काय विचारतेस? निर्णय कुणाचा अंतिम, ते गुरुवारीच लिहून दिलंय.”