तिच्यापासून हातभर अंतरावर

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. बडोद्याच्या लहरीपुऱ्यातील जयवंतराव मोहिते यांच्या लाऊडस्पीकरच्या दुकानात, वरच्या फळीवर माझा मुक्काम असतो. माझ्या जाळीला पोचा पडला आहे. तरीही मी ऐकलेला एक आवाज आठवला की मला माझे वय आठवत नाही.

मुंबईच्या एका लहान कारखान्यात माझी जुळणी झाली. १९९१ साली जयवंतरावांनी मला बडोद्याला आणले. लग्ने, सभा, नवरात्रातील गरबा, सगळीकडे मी गेलो. लोक मला टिचक्या मारत, माझ्यावर फुंकर घालत. माणसाचा आवाज एवढाच असतो, असे मला वाटे.

त्या वर्षी नाताळला मला फत्तेगंजमधील एका चर्चमध्ये नेले. रेल्वेतील सुभाष उजगरे यांची मुलगी मोहना तिथे गॉस्पेल, म्हणजे देवाच्या स्तुतीची गाणी गात असे. तिने मला टिचकी मारली नाही. ती हातभर मागे उभी राहिली आणि गाऊ लागली. मित्रांनो, माझ्या आतला पातळ पडदा असा कधीच थरथरला नव्हता. तिला गाणे शिकवणाऱ्या पद्माबाई म्हणत, "शेवटच्या बाकावरच्या बहिऱ्या आजोबांनी मान डोलवली पाहिजे."

पुढे कॅसेट ऐकून ऐकून ती जॅझही शिकली. या गाण्यात सूर ठरलेली वाट सोडून भटकतो आणि नेमका घरी परततो.

१९९६ साली, नवरात्र नुकतेच संपले असताना, मुंबईचा एक जॅझ वाद्यवृंद अलकापुरीतील हॉटेलात आला. त्याचे प्रमुख, पियानोवादक लोबोसाहेब, गायिका शोधत होते. पारख करण्यासाठी त्यांनी मोहनाला कार्यक्रमात दोन गाणी गायला दिली.

कार्यक्रमाला निघताना सुभाषराव म्हणाले, "सोमवारी वाघोडियाच्या कारखान्यात टायपिस्ट म्हणून रुजू व्हायचंय, लक्षात आहे ना?"

"त्यांनी घेतलं नाही, तर सोमवारी पहिल्या बसने जाईन, बाबा."

हॉटेलातही माईक आणि मशीन जयवंतरावांचेच होते. त्यांनी कौतुकाने मशीनवरचा एको, म्हणजे आवाजाचा घुमारा, गरब्यासारखा वाढवून ठेवला होता. मोहनाचा प्रत्येक शब्द भिंतींवर आपटून परत येऊ लागला. पियानो त्यात बुडाला. मागून कुणीतरी गुजरातीत म्हणाले, "बेन, दांडिया क्यां छे?" म्हणजे, ताई, दांडिया कुठे आहेत? लोक हसले. मोहनाने तळहात उंचावला. तिला म्हणायचे होते, थांबवा. पण गरब्यात गाणाऱ्याने हात वर केला की एको वाढवायचा, ही जयवंतरावांची सवय. त्यांनी तो आणखी वाढवला.

पहिले गाणे तसेच वाहून गेले. लोबोसाहेबांनी घड्याळ पाहिले.

तेव्हा मोहनाने माझी कळ बंद केली आणि मला उचलून शांतपणे पियानोवर आडवे ठेवले. ती मंचाच्या कडेला गेली आणि माझ्याशिवाय गाऊ लागली. लोबोसाहेबांची बोटे हळू झाली. चहा वाटणारे वाढपी किटली धरून जागीच उभे राहिले. पियानोच्या लाकडातून तो आवाज माझ्यापर्यंत पोहोचत होता.

गाणे संपल्यावर लोबोसाहेब सुभाषरावांना म्हणाले, "सोमवारी हिला मुंबईला पाठवा."

पुढे मोहना देशोदेशी गायली. बिनतारी माईक आले आणि मी फळीवर गेलो. धूळ बसत राहिली.

२००५ साली पद्माबाई गेल्या. प्रार्थनासभेत गायला मोहना चर्चमध्ये आली आणि तिने जयवंतरावांना विचारले, "काका, तो जुना माईक आहे का?"

"आहे, पण चिरकतो. नवा देतो ना."

"तोच द्या. मी नेहमीसारखी लांब उभी राहीन."

जयवंतरावांनी मला धोतराच्या मऊ फडक्याने पुसले. मोहना हातभर मागे उभी राहिली. सुरुवात करण्याआधी तिने तळहात उंचावला.

जयवंतराव मशीनजवळून उठले, चार बाके ओलांडून तिच्याजवळ गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "काय करू, बेटा? वाढवू की बंद करू?"

ती हसली. "काहीच नको, काका. नुसतं बसा."

ते पहिल्या बाकावर बसले. मग ती गायली. शेवटच्या बाकावर आता दुसरे आजोबा होते. त्यांनी मान डोलवली.

मित्रांनो, माईकला टिचक्या मारू नका, त्याची जाळी पुसत जा. आणि कुणी हात वर केला, तर त्याला काय हवे आहे, ते जवळ जाऊन विचारा.