अडकणारा धरमकाटा

अभनपूरच्या राइस मिलमधला आमचा ट्रक तोलायचा धरमकाटा पुन्हा अडकला, आणि स्वानंद सर पुन्हा तेच म्हणाले, "ते पोट्टी गेम खेळत असंल."

ती पोट्टी म्हणजे माया, काट्यावरची ऑपरेटर. ट्रक काट्यावर चढला की वजन आम्ही बसवलेल्या कार्डातून तिच्या कॉम्प्युटरवर उतरतं. आमची कंपनी म्हणजे रायपूरच्या बूढ़ापाऱ्यातल्या दोन खोल्या. सर मालक, मी मंजिरी त्यांची प्रोग्रामर. राज्य नवीन झालं होतं, जो तो टेंडरांमागे धावत होता, सरही धावत होते. त्यामुळे खोट आमच्या मालात असून चालणार नव्हतं. मायात असली तर मात्र चालत होतं. मिलचे मॅनेजर हरिदासजी तिला शनिवारी काढणार होते, आणि तसं त्यांना सुचवलं होतं आमच्याच सरांनी. हे कळलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आपल्या इथं तर मशीन कधी अटकत नाही," सर म्हणाले. आपल्या इथं! इथं ना ट्रक, ना मशीनला फोनची लाइन. मी बस पकडून अभनपूर गाठलं.

मायाने मला खुर्ची दिली, स्वतः उभी राहिली. "दीदी, मी काहीच नाही करून राहिली. आता तं भेवानं माऊसलेबी हात नाही लावत."

मी बसून पाहिलं. ट्रक येत होते, वजनं नीट उतरत होती. मग मिलच्या रायपूरच्या हेड ऑफिसने आकडे ओढून घ्यायला फोन लावला. मोडेमवर रिंग आली आणि पडदा जागच्या जागी थिजला.

"रोज असंच होते," माया म्हणाली. "मी मशीन पुन्हा चालू करतो, तं ठीक झालं का पाहाले ते पुन्हा फोन लावतेत. पुन्हा अटकते. अन् शिव्या मले."

कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामचा, म्हणजे ड्रायव्हरचा, कोड मी सोबत नेला होता. कार्डाला काही सांगायचं असलं की ते प्रोसेसरला हाक मारून हातातलं काम थांबवायला लावतं. त्यालाच इंटरप्ट म्हणतात. त्या मशीनमध्ये काट्याचं कार्ड आणि मोडेम, दोघांची हाक एकाच लाइनवर येत होती. अशा वेळी ड्रायव्हरने आधी आपल्या कार्डाला विचारायचं असतं, हाक तुझी का? नसेल तर बाजूला व्हायचं, म्हणजे मोडेमच्या ड्रायव्हरची पाळी येते. आमचा शहाणा विचारतच नव्हता. येईल ती हाक माझीच, म्हणायचा. मोडेम बिचारा ओरडत राहायचा, हा दर वेळी मध्ये कडमडायचा, आणि प्रोसेसरला दुसरं काही सुचतच नसे. हा ड्रायव्हर सरांनी स्वतः लिहिला होता.

मी सरांना फोन करून हे सांगितलं.

"घालून दे कोडात ते चेक, अन् चुपचाप ये," ते म्हणाले. "हरिदासजीले काही बोलू नको. टेंडरचं चालू आहे आपलं."

"आणि माया?"

"तिले लागंल कुठंबी."

मी रिसीव्हर आपटला. दुरुस्ती दहा मिनिटांची होती. मी ती केलीच नाही.

हरिदासजींना काट्याच्या केबिनमध्ये बोलावलं. मागोमाग हमाल दारात जमले. मायाला म्हटलं, "तिकडं भिंतीशी उभी राहा. दोन्ही हात वर कर. सगळ्यांना दिसू दे."

"ये क्या नाटक है?" हरिदासजी हसले.

"हेड ऑफिसला सांगा, मोडेमवर फोन लावा."

त्यांनी सांगितलं. रिंग आली. पडदा थिजला. मी मशीन पुन्हा चालू केलं, पुन्हा फोन लावायला लावला. पुन्हा तेच. त्यांचं हसू मावळलं.

"मतलब, मशीन की गलती है?"

"मशीनची नाही, आमची. ड्रायव्हर आमच्या सरांनी चुकीचा लिहिलाय. हिचा काडीचाही दोष नाही."

ते माझ्याकडे पाहत होते, पडद्याकडे पाहत होते, मायाकडे मात्र नाही. "चलो, ठीक है मंजिरीजी. लड़की को रहने देते हैं. बात ख़तम."

ख़तम! "हे तिला सांगा ना," मी ओरडले. "माफी मागा तिची!"

पण बाहेर ट्रकवाला हॉर्न वाजवत होता, आणि हरिदासजी त्याच्यावर खेकसत निघूनही गेले. हमाल पांगले.

माया भिंतीशी तशीच उभी होती.

"दीदी," ती म्हणाली, "आता हात खाली करू का?"