सुभेदारांची उजवी मिशी

आष्ट्याचे भाऊसो सुभेदार फौजेतून निवृत्त होऊन आले ते मिशी घेऊनच. लिंबू ठेवावं अशी मिशी. त्यामुळे कराडच्या सौंदर्यप्रसाधनांच्या कारखान्यात काम करणाऱ्या त्यांच्या लेकीनं, रेश्मानं, मिशीचं मेण बनवलं तेव्हा चाचणीसाठी चेहरा शोधायला तिला उंबरा ओलांडावा लागला नाही.

कारखान्यात दोन मेणं तयार होती. एक रेश्माचं, एक तिच्याबरोबरच्या राजवर्धनचं. जे उन्हात टिकेल ते बाजारात जाणार होतं. रेश्माची ही स्वतःची पहिलीच कृती, त्यामुळे तिची झोप उडालेली.

"आबा, डावीकडं ही डबी, उजवीकडं ती. मग दिवसभर मिशीला हात लावायचा न्हाई. कुठलं कुणाचं ते सांगणार न्हाई. न्हाईतर मायेपोटी माजंच चांगलं म्हणशीला."

"मी? सुभेदार हाय मी!"

पण दुसरी डबी उघडताच वाळ्याचा वास आला. महिनाभर घरच्या गॅसवर हेच रटरटत होतं, पोह्यांनासुद्धा तोच वास यायचा. म्हणजे उजवी बाजू लेकीची!

त्या दिवशी भावकीत लग्न होतं. मे महिना, वर पत्रे. डावी मिशी ताठ, उजवी मात्र मांडवात शिरताच ढेपाळायला लागली. परक्याची उभी आणि आपल्या पोरीची आडवी, हे कुठल्या बापाला बघवेल? सुभेदारांनी गालाला हात लावल्याचं सोंग करून बोटानं मिशी वर धरली.

"दाढ दुखतीया जणू?" शेजारच्या ज्योतिबा पैलवानानं विचारलं.

"लय."

ज्योतिबानं कुठूनशी लवंग पैदा केली. कुणी तुरटी सुचवली, कुणी मिरजेच्या डॉक्टरचा नंबर दिला. लवंगेनं सुभेदारांचं तोंड पोळलं, पण बोट काही हललं नाही.

पण कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं होय? आमच्याकडे मुहूर्त टळला तरी चालतो, पण पाहुण्यांचे सत्कार झाल्याशिवाय अक्षता पडत नाहीत. माईकवर पुकारा झाला, "माजी सुभेदार भाऊसो यांनी श्रीफळ स्वीकारावं!" आता मानाचा नारळ एका हातानं कसा घ्यायचा? त्यांनी दोन्ही हात पुढं केले, आणि उजवी मिशी भर मांडवात ओठावर येऊन पडली. मांडव खदखदून हसला.

स्टेजच्या पायरीखाली रेश्मा उभीच होती. "कवा पडली?"

"आत्ताच. नारळ घेताना धक्का लागला."

"आबा."

सुभेदारांनी मान खाली घातली. "आल्या आल्याच पडली. वासावरनं वळखलं, पोरी. तुजं नाव खाली पडू द्यायचं न्हवतं."

रेश्माला रागही आला आणि रडूही. "हितं पडली तर मी मेण बदलून पुन्ना करीन. पर तुमी उभी हाय म्हणून सांगितलं असतं, तर हेच मेण बाजारात जाऊन हजार जणांची मिशी ओठावर पडली असती. मग ती कुणी धरायची, आबा?"

उभ्या नोकरीत सुभेदारांना एवढी लाज वाटली नव्हती. त्यांनी टाचा जुळवल्या, हात मांड्यांना चिकटवले आणि परेडच्या आवाजात सांगितलं, "डावी बाजू उभी! उजवी बाजू पडली!"

माईकवाल्यासकट सगळे वळून बघायला लागले.

"पडलेली कुणाची म्हणायची?" मागं उभं राहून सगळं ऐकलेल्या ज्योतिबानं विचारलं.

"माज्या लेकीची," सुभेदार छाती काढून म्हणाले. "दुसरी करतीया."