वाळवीच्या वाट्याचा खांब

लालसूनं मंगरूचा खांब चंद्रपूरच्या म्युझियमला देऊन टाकला, हे कळलं तेव्हा बुधरीनं एटापल्लीच्या भर बाजारात या दिराच्या कानाखाली वाजवली.

मंगरू तिचा एकुलता एक पोरगा. ट्रकखाली चिरडला गेला, नि लालसूकाकानंच त्याच्या नावाचा सागवानी खांब कोरला. त्यांच्या गावची रीत अशी, की मेल्या माणसाचा खांब उघड्यावर रोवायचा नि त्याला हात लावायचा नाही. वाळवी लाकडाची माती करते, तेव्हा कुठं तो माणूस वाडवडलांत जाऊन बसतो. पण खांब रोवलेल्या शेतातून नवा रस्ता निघाला, बुलडोझर आला, नि लालसू घाबरला.

"खांब शहरात चांगला राहीन वो वैनी," म्हणे! अरे मूर्खा, तो चांगला राहायलाच नको होता ना!

पदरात वाळवीच्या वारुळाची माती बांधून बुधरी एकटीच चंद्रपूरला गेली. म्युझियम म्हणजे जुनी आरागिरणी. एकेकाळी इथं जंगलच्या जंगल चिरलं जायचं. आता भिंती पांढऱ्याफेक, आत कोळशाची शिल्पं, सिमेंटच्या पोत्यांवर काढलेली चित्रं, नि कुण्या कलाकारानं भिंतीवर ओळीनं टांगलेल्या खऱ्याखुऱ्या कुऱ्हाडी. त्यांच्यासमोर मंगरूचा खांब, चकचकीत पुसलेला.

म्युझियम सांभाळणारी उर्वशी मॅडम मायेनं म्हणाली, "काळजी करू नका मावशी. लाकडाला औषध पाजलंय. शंभर वर्षं वाळवी शिवणार नाही."

शंभर वर्षं पोरगं वाडवडलांच्या दाराबाहेर ताटकळणार!

बुधरीनं पदराची गाठ सोडली नि माती खांबाच्या बुडाशी ओतली. पांढरी वाळवी फरशीवर पसरली. "काय करून राह्यली बाई!" ओरडत सुनील नावाचा गार्ड धावला नि बुटानं वाळवी चिरडू लागला. बुधरी त्याच्या हाताला कडकडून चावली. त्यानं झटकलं तशी ती चौथऱ्यावर आदळली, कपाळ फुटलं. डोळ्यांत रक्त उतरलेलं, तशीच उठली नि भिंतीवरची कुऱ्हाड उपसली.

"माह्या पोराले सोडा!"

खांबावरचा पहिला घाव निसटला. सुनीलनं मागून कवळ घातली, नि दुसऱ्या घावासाठी मागं गेलेली कुऱ्हाड त्याच्या खांद्यात रुतली. "माय वो!" करत तो कोसळला. मग कुणाची बिशाद होती जवळ यायची? खांबाच्या ढलप्या होईपर्यंत ती घाव घालत राहिली. प्रत्येक ढलपीला औषधाचा वास येत होता, गाभ्यातल्यासुद्धा.

ती तुरुंगात गेली. रडून रडून डोळे सुजलेल्या उर्वशीनं ढलप्या लालसूच्या हवाली केल्या, नि त्यानं त्या वारुळात पुरल्या. पावसाळा सरल्यावर तो भेटीला आला.

"लागली का वाळवी?" बुधरीनं जाळीतून विचारलं.

लालसूनं खिशातून एक ढलपी काढली. होती तश्शी. तो लहान लेकरासारखा रडू लागला.

बुधरीनं जाळीला नाक लावून ढलपीचा वास घेतला; औषध तसंच होतं.

"मी मेल्यावर माहा खांब कोरू नको, लालसू," ती म्हणाली. "मले मंगरूसंगं दाराबाहेरच राहू दे."