पंच विचारत नाही

लॉबीचा नियम वामन मास्तरांनी इतक्या वर्षांच्या पंचगिरीत जितक्यांदा सांगितला नसेल, तितक्यांदा तो त्यांना त्या एका आठवड्यात सांगावा लागला. तोही कुणाला, तर ज्यांनी कबड्डीच्या मैदानात जन्मात पाऊल टाकलं नाही अशांना. न्हावी गालावर वस्तरा टेकवून विचारायचा, आनंदा खरंच बाद होता का, आणि गालावर वस्तरा असताना माणूस ठाम बोलणार तरी किती. पोस्टातला बाबू तिकिटं फाडता फाडता तेच विचारी. चहावाला तर आधी निकाल मागायचा, मग कप पुढे करायचा.

मास्तर सांगायचे. मैदानाच्या दोन्ही कडांना जी पट्टी असते ती लॉबी. चढाई करणाऱ्याचा समोरच्या कुणाला स्पर्श झाला की ती पट्टी खेळात येते, तोवर ती बाहेरचीच. स्पर्श न होता तिच्यात पाय टाकला तर चढाई करणारा बाद. यात न समजण्यासारखं काय आहे? ऐकणारा मान डोलवायचा, सगळं पटल्यासारखं करायचा आणि शेवटी म्हणायचा, ते सगळं खरं मास्तर, पण हात लागला होता. मास्तरांचं डोकंच फिरायचं.

झालं होतं ते असं. महाविद्यालयांच्या स्पर्धेची अंतिम लढत, पालघर विरुद्ध बोईसर. पालघरच्या संघात उजव्या कोपऱ्यात मास्तरांचाच मुलगा कृष्णकांत. बोईसरचा कर्णधार नवापूरचा आनंदा, मासळी विकणाऱ्या नलू मांगेलिणीचा मुलगा. नेमलेला पंच सकाळीच तापाने फणफणला आणि स्पर्धेचे चिटणीस मास्तरांच्या दारात येऊन बसले. मुलगा खेळत असताना आपण उभं राहणार नाही, असं मास्तरांनी स्पष्ट सांगितलं. चिटणीस हटेनात. शेवटी मास्तर म्हणाले, बोईसरच्या कर्णधाराला विचारा. आनंदा हसून म्हणाला, "मास्तर, तुमी असलाव तर आमाला काय वांधा नाय." हे वाक्य नंतर मास्तरांना नेमकं जेवताना आठवू लागलं.

शेवटची चढाई आनंदाची होती आणि गुण बरोबरीत होते. आनंदा दम धरून उजव्या कोपऱ्याकडे झेपावला, कृष्णकांत मागे सरकला, आणि आनंदा लॉबीतून वळसा घेत मध्यरेषा ओलांडून आपल्या अंगणात गेला. मास्तर त्याच कडेला उभे होते, पण नेमक्या त्या क्षणी त्यांच्या आणि आनंदाच्या हाताच्या मध्ये कृष्णकांतची रुंद पाठ आली. स्पर्श त्यांना दिसला नाही. जे दिसलं नाही ते द्यायचं नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा शिरस्ता. त्यांनी शिट्टी फुंकली आणि आनंदाला बाद दिलं.

आनंदा आरडाओरडा न करता आला. कृष्णकांतच्या बनियनला हात लागला, कपड्याला लागला तरी तो स्पर्शच, हे त्याने नियमाप्रमाणेच मांडलं. मग म्हणाला, "त्याला इचारा ना, मास्तर."

"पंच खेळाडूला विचारत नाही," मास्तर म्हणाले.

कृष्णकांत खाली मान घालून उभा होता. त्या एका गुणाने पालघर जिंकलं. विद्यापीठाच्या संघासाठी या भागातून एकच खेळाडू घ्यायचा होता. निवड समितीने तो जिंकलेल्या संघातून घेतला, म्हणजे कृष्णकांतला घेतलं. विद्यापीठाकडून खेळलेल्या पोराला पुढे नोकरीचं दार उघडायचं, आणि आनंदाला ते दार उघडायला हवं होतं. नाहीतर मामाच्या बोटीवर जाळं ओढणं ठरलेलंच होतं.

दुसऱ्या दिवसापासून नलू मास्तरांच्या दारावरून सरळ पुढे जाऊ लागली. पहाटेच्या एसटीने नवापुरातून टोपली घेऊन येणारी ही बाई वर्षानुवर्षं पहिली हाक मास्तरांच्या पायरीवर द्यायची. आता शेजारच्या दारात पापलेट उतरायचं आणि मास्तरांच्या ताटात बटाटा. पुष्पलताबाई, मास्तरांची पत्नी, चार दिवस तोच वाढत राहिल्या. पाचव्या दिवशी बटाटा वाढता वाढता म्हणाल्या, "एकदा विचारलं असतंत त्याला तर काय बिघडलं असतं?"

झालं. आता घरातही लॉबी. मास्तरांनी ताट पुढे ओढलं. हे मैदान, ही कड म्हणजे लॉबी, ही आमटीची वाटी म्हणजे आनंदा. वाटी कडेवरून फिरवताना आमटी पाटावर सांडली. तोंडचा घास टाकून मास्तर सांगत राहिले की स्पर्श झाला नाही तर लॉबी उघडत नाही, आणि ज्यांना नियम कळत नाही त्यांनी निदान जेवू द्यावं.

"नियम बरोबर आहे, बाबा," कृष्णकांत ताटाकडे बघत म्हणाला. "पण हात लागला होता."

मास्तरांना क्षणभर वाटलं, हाही न्हाव्यासारखंच बोलतोय. मग कळलं, की ज्याला हात लागला तोच हे सांगतोय.

"मग तिथे का नाही बोललास?"

"तुम्हीच शिकवलंत ना, खेळाडूनं पंचाशी बोलायचं नाही. कर्णधारानं बोलायचं. मी कर्णधार नव्हतो." एवढं बोलून तो थांबला. मग हळूच म्हणाला, "आणि तुम्ही विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं. मी वाट बघत होतो."

मास्तरांना इतका राग आला की कुणावर काढावा ते सुचेना. पोरावर काढावा तर शिकवण त्यांचीच. ते हात न धुताच उठले.

दुसऱ्या दिवशी ते कृष्णकांतला घेऊन चिटणिसांकडे गेले. माझा निर्णय चुकला, तो फिरवा, निवड पुन्हा करा, असं त्यांनी सांगितलं. कृष्णकांतने आपली जागा सोडतो म्हटलं. चिटणिसांनी शांतपणे नियमांचं पुस्तक उघडलं आणि पंचाचा निर्णय अंतिम असतो, हे कलम मास्तरांनाच वाचून दाखवलं. मुलाने जागा सोडली तर ती दुसऱ्या भागाला जाईल, आनंदाला नाही, हेही सांगितलं. याच कलमावर मास्तरांनी आजवर किती जणांना गप्प केलं होतं. आता ते पुस्तक चिटणिसांच्या डोक्यात घालावंसं त्यांना वाटलं.

उरला नवापूरचा रस्ता. एसटीतून दोघं उतरले तेव्हा नलू किनाऱ्यावर बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते दोरावर टांगत होती. मास्तरांनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. कृष्णकांतने माफी मागितली. नलूचे हात थांबले नाहीत.

"त्या दिशी माझा पोर बोलला तवा पंच इचारत नाय म्हणालाव," ती म्हणाली. "आता माफ करशील का म्हणून मना कशाला इचारताव, मास्तर?"

तिने दुसरी जोडी उचलली.

पलीकडे ओल्या वाळूत रेषा ओढून कबड्डी चालली होती. आनंदाही खेळत होता. त्याने मास्तरांना पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. तेवढ्यात कडेच्या रेषेवर त्याच्याच चढाईवरून भांडण जुंपलं. एक म्हणे लागला, दुसरा म्हणे नाय लागला. कुणीतरी ओरडलं, थांबा रे, पंच आलेत, ते सांगतील. सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं. आनंदानेही.

मास्तरांचा आठवड्याचा वैताग एकदम वर आला.

"मला काय विचारता?" ते म्हणाले. "ज्याला लागला त्याला विचारा."

खेळ थांबला होता. आनंदा वळला आणि समोरच्या पोराला त्याने विचारलं. पोराने मान खाली घातली, लागला म्हणाला, आणि आपणहून रेषेबाहेर जाऊन बसला.